पट्टीखाली काहीच नव्हते

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गिटार शिकण्याचे मनावर घेतले आणि पहिले वाद्य विकत घेतानाच मी फसलो. रक्कम १३,५०० रुपये, म्हणजे बुडून जावे अशी नव्हे. परंतु त्या वाद्यामुळे जवळजवळ पाच महिने मी स्वतःच्या बोटांना दोष देत राहिलो, हे मला पैशांपेक्षा अधिक बोचते.

पुण्यात आमच्या घराजवळ एक क्लास आहे. तेथील शिक्षकांनी पहिल्याच दिवशी एका दुकानाचा पत्ता दिला आणि "माझे नाव सांगा, योग्य भाव लावतील," असे सांगितले. दुकानदाराने भिंतीवरची एक गिटार काढून तिच्या पोटातले लेबल दाखवले. त्यावर 'सॉलिड स्प्रूस टॉप' असे छापलेले होते. वरची फळी अखंड स्प्रूस लाकडाची असल्याने आवाज वर्षागणिक खुलत जाईल, असे तो म्हणाला. पिशवी, पट्टा, कापो (दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा) आणि तारा छेडायचे चार प्लेक्ट्रम फुकट मिळाले. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात गेले आणि हाती आलेल्या कच्च्या पावतीवर केवळ 'गिटार १ नग' एवढेच लिहिलेले होते. कंपनीचे नाव, मॉडेल, जीएसटी क्रमांक यांपैकी काहीही नसताना मी ती घडी घालून खिशात ठेवली, यात चूक माझीच.

सी, जी, डी हे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरांचे गट, कसेबसे जमले. एफ कॉर्डपाशी मात्र गाडी अडली. या कॉर्डला तर्जनी आडवी धरून पहिल्या पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना पडदे म्हणतात) सहाही तारा दाबाव्या लागतात. माझ्या दोन तारा कायम खरखरत आणि मनगट दुखून येई. शिक्षक म्हणत, सगळ्यांच्याच बोटांना आधी घट्टे पडतात. ते खरेही आहे, आणि म्हणूनच ही फसवणूक पचते. शिकाऊ माणसाकडे तुलनेसाठी दुसरे वाद्य नसते, त्यामुळे तो वाद्यातला दोष आपल्या अंगी लावून घेतो.

दिवाळीत सासुरवाडीला मिरजेला जाताना गिटार बरोबर नेली. मिरज सतार आणि तंबोऱ्यासाठी प्रसिद्ध. तेथील या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मेहुण्यांच्या ओळखीचे एक वयस्कर कारागीर गिटारीही दुरुस्त करतात. त्यांनी गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून दांडीच्या कडेने नजर टाकली आणि "दांडी वाकलीय की हो," एवढेच म्हणाले. मग बाराव्या पडद्यावर पोलादी मोजपट्टी उभी धरून जाड तारेची पडद्यापासूनची उंची मोजली, ती साडेचार मिलिमीटर भरली. पोलादी तारांच्या गिटारीत ही उंची साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असावी लागते. खुंट्यांजवळ तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या खाचाही उथळ असल्याने तारा उंच राहत होत्या, म्हणून तर पहिल्याच पडद्यावर एवढा जोर लागत होता. बाराव्या पडद्यावर दाबलेली तार मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात यायला हवी. स्वर तपासणाऱ्या ट्यूनरवर ती स्पष्ट चढी दिसत होती.

"सतारीचा पडदा सरकवता येतो," ते म्हणाले, "हितं ठोकलेला. चुकला तर जन्मभराचा."

दांडी सरळ करण्यासाठी आतून लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तिची चावी काही गिटारींत खुंट्यांच्या बाजूला, तर काहींत पोटातून फिरवतात. माझ्या गिटारीच्या डोक्यावर दोन स्क्रूंनी बसवलेली, चावीची जागा झाकणारी असते तशी काळी प्लास्टिकची पट्टी होती. कारागिरांनी स्क्रू काढून ती उचलली. खाली खाच नव्हती, भोक नव्हते, पॉलिश केलेले सपाट लाकूड होते. पोटात आरसा आणि बॅटरी घालून पाहिले, तर तेथेही काही नव्हते. पोलादी तारांच्या संचाचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास असतो, आणि तो ही दांडी आधाराविना पेलत होती. शेवटी त्यांनी पोटाच्या गोल भोकाची कड नखाने खरवडली. काळ्या रंगाखाली प्लायवूडचे तीन थर दिसले. अखंड फळी असती तर वरच्या रेषाच कडेवरून खाली उतरलेल्या दिसल्या असत्या. प्लायवूड वाईट असते असे नाही. नामांकित कंपन्यांच्या सुरुवातीच्या कित्येक गिटारी प्लायवूडच्याच असतात आणि त्या उत्तम वाजतात. येथे तीन-चार हजारांचा माल अखंड लाकूड म्हणून विकलेला होता.

दुकानदाराने "पावसाळ्यात लाकूड हलतंच" म्हणून हात झटकले आणि तीन हजारांत परत घेण्याची तयारी दाखवली. शिक्षकांनी "दुकान माझे नाही," असे उत्तर दिले. क्लासमधील आणखी एकाकडे हेच लेबल आणि हीच कोरी पट्टी निघाली, तेव्हा त्या शिफारशीचा अर्थ मी मनाशी लावला. पुरावा माझ्याकडे नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण दुकानदार बधला नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जाण्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. कच्च्या पावतीमुळे यूपीआयची नोंद, शिक्षकांचा व्हॉट्सअॅप संदेश आणि लेबलाचे छायाचित्र हाच माझा आधार आहे. कारागिरांनी सर्व मापे स्वतःच्या हाताने लिहून, सही करून दिली. त्या कागदासोबत ती काळी पट्टी आणि तिचे दोन स्क्रू मी पाकिटात घालून ठेवले आहेत.