बाहेरून पदवी करायची, तर कुठून? सांगलीकरांसाठी चार वाटांची तुलना

"बाहेरून बी.ए. करायचंय, कुठला फॉर्म भरू?" असं विचारायला कुणी आलं, की मी त्यांना घरातलं मागच्या वर्षीचं कालनिर्णय घेऊन यायला सांगते. दुधाचा हिशेब, गॅस संपल्याची तारीख, शिफ्टच्या खुणा, माहेरची यात्रा, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. कोणत्या महिन्यात आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, हे त्याच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांची पदवी बहुतेक वेळा अडते ती अभ्यास न झेपल्यामुळे नाही, तर परीक्षा चुकीच्या महिन्यात आल्यामुळे. मी मिरजेत एका पतसंस्थेत क्लार्क आहे, माझी पदवी एक्केचाळीसाव्या वर्षी बाहेरूनच झाली, आणि गेली काही वर्षं गल्लीतल्या, नात्यातल्या लोकांचे फॉर्म भरून देते. त्या अनुभवातून हे लिहिते आहे.

यंदा दोघं आलेत. भाचा साखर कारखान्यात आहे, बारावी झालेला, वय २९. दुसरी माझी धाकटी जाऊ. तासगाव तालुक्यात त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे, तीही बारावी, वय ३६. दोघांनाही बी.ए.च करायचं आहे आणि दोघांनाही मी वेगवेगळं सांगितलं.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. आपली पदवी आपणच आखायची, ही सोय जगात काही ठिकाणी खरोखर आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९७१ साली सुरू झालेल्या एम्पायर स्टेट कॉलेजात (आता युनिव्हर्सिटी) विद्यार्थी मार्गदर्शकाबरोबर बसून स्वतःच्या पदवीचा आराखडा लिहितो, आणि नोकरीत जे शिकलं त्याचंही मोजमाप होऊन क्रेडिट मिळू शकतं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत वेगवेगळे विषय एकत्र करून 'ओपन' पदवी घेता येते. आपल्याकडे इतकं सैल अजून नाही. ताट वाढलेलंच येतं, दोन-तीन वाट्या बदलून मागता येतात. पण वेळ आपल्याला हवा तसा लावता येतो, आणि कमावत्या माणसाला विषयांच्या मोकळीकीपेक्षा वेळेची मोकळीक जास्त लागते, असं माझं मत आहे.

वाटा चार. लोक बोलतात त्याच नावांनी सांगते: नाशिकचं, दिल्लीचं, कोल्हापूरचं आणि सरळ कॉलेज.

नाशिकचं म्हणजे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८९. ज्यांच्या नावाने ते आहे ते यशवंतराव आपल्याच देवराष्ट्रेचे, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे पुस्तकं. मराठीत आहेत, आणि शिक्षक समोर नाही हे धरूनच लिहिलेली आहेत. छोटे छोटे घटक, मध्येच स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी उत्तरं. पंधरा वर्षांनी पुन्हा पुस्तक हातात धरणाऱ्या बाईला ही रचना फार आधार देते. अभ्यासकेंद्रं गावोगावच्या कॉलेजांतच असतात, संपर्कसत्रं बहुधा रविवारी होतात, विभागीय केंद्र कोल्हापूरला आहे, म्हणजे काम अडलं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत. फक्त केंद्राकेंद्रात फरक खूप असतो. एका ठिकाणी प्राध्यापक मनापासून शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी रविवारी कुलूप. प्रवेश घेण्याआधी एका रविवारी स्वतः जाऊन बघा, आणि तिथे शिकणाऱ्या एखादीला गाठून विचारा.

दिल्लीचं म्हणजे इग्नू, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८५. आपला जिल्हा त्यांच्या पुण्याच्या प्रादेशिक केंद्रात येतो. इथे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्राला. परीक्षाही दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये. तीन वर्षांची पदवी पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. मागचे पेपर राहिलेत म्हणून पुढच्या वर्षाची नोंदणी अडत नाही, आणि एका खेपेला किती पेपर द्यायचे ते आपण ठरवायचं. बी.ए.त ३० टक्के भार असाइनमेंटला आणि ७० टक्के लेखी परीक्षेला. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. विषयांची निवडही नाशिकपेक्षा मला जास्त ऐसपैस वाटते. अडचण एकच, पण मोठी: बी.ए.चं साहित्य हिंदी-इंग्रजीत आहे. आपल्याकडच्या माणसाला हिंदी वाचता येतं, सिनेमा कळतो, पण राज्यशास्त्राचं दहा गुणांचं उत्तर हिंदीत लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे. फॉर्म भरण्याआधी कुठल्याही विषयावर दोन पानं हिंदीत लिहून बघा. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात, तेव्हा सुरुवातीचा एक घटक वाचून झाल्यावरच निर्णय घ्या.

आता आकडे मांडते, कारण फॉर्म भरण्याच्या उत्साहात हा हिशेब कुणी करत नाही. दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. इग्नूची जुनी तीन वर्षांची सर्वसाधारण बी.ए. १३२ क्रेडिटची होती, तोच हिशेब धरू. म्हणजे ३,९६० तास. तीन वर्षांत उरकायचं म्हटलं तर आठवड्याला सुमारे २५ तास पडतात. तेच सहा वर्षांवर पसरलं तर १२-१३ तास. भाच्याला मी हे कागदावर लिहून दाखवलं तेव्हा तो गप्प बसला. आठवड्याला तीन शिफ्ट बदलणारा माणूस २५ तास आणणार कुठून? "आत्या, म्हणजे सहा वर्षं?" म्हणाला. मी म्हटलं, चार धर, सहाची मुदत हातात ठेव.

त्याचं कालनिर्णय बघा. गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. डिसेंबरात सुट्टी मागायची सोय नाही, रात्रपाळीनंतर पेपर लिहिणं तर दूरच. पण जूनमध्ये कारखाना बंद, दुरुस्तीची कामं, दिवसपाळी. दरवर्षी फक्त जूनला बसायचं, डिसेंबर सोडून द्यायचा, आणि असाइनमेंट हंगाम सुरू होण्याआधी जितक्या होतील तितक्या लिहून ठेवायच्या. हे इग्नूत बसतं. त्याचं हिंदीही चांगलं आहे, कारखान्यात उत्तरेकडच्या कामगारांशी रोज बोलतो. म्हणून त्याला दिल्लीचं सांगितलं.

जाऊबाईंचं वर्ष वेगळं. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन महिने फवारण्या, विरळणी, डिपिंग. आभाळ भरून आलं की घरात कुणाचा घास गोड लागत नाही. जानेवारीपासून माल, मग बेदाण्याचं शेड, एप्रिलमध्ये पुन्हा खरड छाटणी. तिला खऱ्या अर्थाने मोकळे महिने मिळतात ते पावसाळ्यात. आणि तिला मराठीतच लिहायचं आहे, त्यात ती ठाम आहे. तिच्यासाठी नाशिकचं. मात्र मी तिला एक काम लावलं: विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून मागच्या दोन वर्षांची परीक्षांची वेळापत्रकं उतरवून घे आणि बागेच्या कामांच्या शेजारी लिही. जो पेपर मालाच्या आठवड्यात येईल तो राहणार, हे आधीच धरून चालायचं. राहिलेला पेपर पुढच्या खेपेला देता येतो, त्याने आयुष्य वाया जात नाही. हे तिच्या सासूबाईंनाही, म्हणजे आमच्या आत्यांनाही, मी समोर बसवून सांगितलं, कारण घरात 'नापास' हा शब्द निघाला की पुढचं शिक्षण तिथेच थांबतं.

कोल्हापूरचं म्हणजे शिवाजी विद्यापीठ, १९६२ पासूनचं. सांगली, सातारा, कोल्हापूर हे त्याचं क्षेत्र, आणि त्यांच्या दूरशिक्षण केंद्रातून बी.ए., बी.कॉम. होतं. दोन कारणांनी लोक हे निवडतात. आपल्याकडे 'शिवाजीची पदवी' म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि नोट्स, गाईड, जुने पेपर, शिकवणी सगळं सांगलीत हाताशी मिळतं, कारण आजूबाजूच्या कॉलेजांतली मुलंही याच विद्यापीठाची. घरात कॉलेजला जाणारा मुलगा किंवा पुतण्या असेल तर दोघांचा अभ्यास एका टेबलावर होऊ शकतो. पण लवचीकपणात मी याला तिसरा नंबर देते. सत्र पद्धतीने चालायचं तर वर्षात दोनदा परीक्षेला तयार राहावं लागतं, आणि हंगामावर पोट असलेल्याला ते जड जातं. ठरलेल्या वेळेची नोकरी असेल, दुकानात किंवा बँकेत, तर मात्र हाच पर्याय आधी बघा.

सरळ कॉलेजबद्दल थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स अशी बाहेर पडायची दारं ठेवली आहेत. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची मुभा यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यात आहे. वीस-बावीसच्या मुलांना हे उपयोगी आहे. नोकरी करणाऱ्याला हजेरीच पुरी होत नाही.

यातूनच एक गैरसमज पसरलाय, तो दूर करायला हवा. २०२१ साली क्रेडिटची बँक सुरू झाली, अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. त्यामुळे २००८-०९ साली एस.वाय.ला कॉलेज सोडलेल्या बायकासुद्धा मला विचारतात, "माझी जुनी दोन वर्षं धरतील ना?" या बँकेत २०२१-२२ पासून मिळवलेलीच क्रेडिटं जमा होतात, आणि तीही जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. जुन्या मार्कलिस्टवर एखादं विद्यापीठ आपल्या नियमाने सवलत देत असेल तर ती वेगळी गोष्ट. तसं विचारायचं झालं तर लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. खिडकीवरच्या तोंडी 'होय'वर पैसे भरू नका.

दूरशिक्षणाला प्रवेश घ्यायचा तर आता त्या बँकेचा आयडी आणि त्यावरून यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा 'डेब आयडी' काढावा लागतो. लग्न झालेल्या बायकांचं घोडं इथेच अडतं. आधारवर सासरचं नाव, बारावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं. पोर्टल दोन नावांच्या दोन बाया समजतं. जाऊबाईंचं हेच झालं. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर निम्मं काम सोपं होतं, नसेल तर आधी तो काढा; राजपत्रात नावबदल करायचा असेल तर त्यालाही वेळ लागतो. म्हणून प्रवेश सुरू व्हायची वाट न बघता हे काम दिवाळीनंतर लगेच हाती घ्या. कागद जपण्याचंही तेच. २०१९ च्या महापुरात आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत दाखले आणि मार्कलिस्टा भिजून लगदा झाल्या, आणि प्रवेशाचे महिने नेमके कृष्णेला पाणी चढायचे महिने. सगळं स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये आणि एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइलवर ठेवा.

दहावीवर शिक्षण सुटलेल्यांनी पदवीच्या जाहिराती बघण्याआधी सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेला बाहेरून बसायचा फॉर्म, भरून बारावी करावी. बारावीशिवाय थेट पदवी देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

"ही पदवी चालते का?" हा प्रश्न प्रत्येक जण हळू आवाजात विचारतो. चालते. यूजीसीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते. फक्त त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाची, त्या वर्षाची परवानगी आहे ना, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा या पदव्या दूरशिक्षणाने देता येत नाहीत. कुणी देत असेल तर तो फसवतोय.

शेवटचं, माझ्यावर बेतलेलं. दुसऱ्या वर्षी माझा निकाल राखून ठेवला गेला. लेखी पेपर चांगले गेले होते, पण गृहपाठाचे गुण केंद्राकडून पुढे गेलेच नव्हते. "वही दिली होती" असं मी सांगत होते, आणि समोरचा माणूस रजिस्टर उलटून "तुमचं नाव नाही" म्हणत होता. निळ्या कव्हरची वही होती, कव्हरवर मी मुलाकडून नाव घालून घेतलं होतं, सगळं डोळ्यांसमोर होतं, पण पोच नव्हती. चार महिने हेलपाटे घातले, शेवटी सगळं पुन्हा लिहून दिलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय वही हातातून सोडू नका. विद्यापीठ कुठलंही असो.

भाच्याचा जानेवारीच्या सत्राचा फॉर्म भरून झालाय. जाऊबाईंच्या नावाचं काम अजून चालू आहे. तोवर गल्लीतल्या एकीने तिला नाशिकची जुनी पुस्तकं दिली आहेत, आणि दुपारी बागेत पाण्याची पाळी असली की ती मोटारीच्या खोलीशी बसून समाजशास्त्राचा पहिला घटक वाचते.