वकील मॅडमच्या ऑफिसला पाचपैकी चार स्टार, फक्त नाव विचारू नका

नाव का लिहिलं नाही ते आधीच सांगतो, नाहीतर पेड रिव्ह्यू म्हणाल. मी मॅडमना म्हटलं तुमच्याबद्दल चार ओळी टाकतो, बोर्डाचा फोटो पण टाकतो, तर त्यांनी हातच जोडले. वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा (वकिलांवर नियम घालणारी संस्था) ३६ नंबरचा नियम आहे, पाटीसुद्धा बेताचीच लावायची. २००८ पासून वेबसाइट चालते पण तिच्यावर नाव, पत्ता, फोन, सनद म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, शिक्षण आणि कुठली कामं करता एवढंच. जुलै २०२४ ला मद्रास हायकोर्टानं तर ऑनलाइन डिरेक्टरीवाल्यांकडच्या वकिलांच्या लिस्टिंगवरच आक्षेप घेतला होता. मला गंमत वाटली, आम्ही पाइपाच्या ऑफरची पॅम्प्लेट पेपरात घालून वाटतो आणि इथं माणूस चांगलं काम करतो हे सांगायची पण चोरी.

तर मी सांगलीत हार्डवेअर-प्लंबिंगचं दुकान चालवतो, बावीस वर्षं झाली. उधारी हा आमच्या धंद्याला लागलेला कायमचा ताप आहे. बेळगावकडचा एक कॉन्ट्रॅक्टर, जुनं गिऱ्हाईक, दोन लाख पस्तीस हजाराचा माल उचलला आणि चेक दिला, चेक बाउन्स. मी आमच्या नेहमीच्या वकिलांकडे गेलो (नाव नाही सांगत, वयानं मोठे आहेत, वडलांपासूनचे संबंध). पाच हजार घेतले, पावती नाही, म्हणाले नोटीस टाकतो. आठवड्यानं फोन केला तर टाकतो, दुसऱ्या आठवड्यात कारकून म्हणाला साहेब कोर्टात आहेत, मग लग्नाचा सीझन, मग उन्हाळ्याची सुट्टी. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांत नोटीस जावी लागते हे मला कळलं तेव्हा ४१ वा दिवस होता. मी डोक्याला हात लावून बसलो, पैसे गेलेच असं धरलं.

मग मार्केट यार्डातल्या एका हळदवाल्या मित्रानं या मॅडमचा नंबर दिला.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या, खाली झेरॉक्सवाला. पण आत गेल्यावर मला कळलं की इथं कुणीतरी धंदा म्हणून विचार केलाय, वाईट अर्थानं नाही, चांगल्या अर्थानं म्हणतोय. भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर आठवड्याच्या तारखा, पुढं कोण जाणार ते, मॅडम का ज्युनिअर. टेबलावर काचेखाली छापलेला कागद, पहिल्या भेटीचे ५००, अर्धा तास, आणि हे पैसे केस घेतली तर फीमधून वजा. मी पहिल्यांदाच बघितलं की वकिलाच्या टेबलावर रेट लिहिलेत. आमच्याकडं तर वकील फी सांगतानासुद्धा वर पंख्याकडं बघतात, ‘बघू, तुम्ही काय परके आहात का’ म्हणतात, आणि मग प्रत्येक तारखेला कारकून खिशाकडं बघतो.

मॅडमनी चेक हातात घेतला, उलटा केला, तारीख बघितली, आणि पहिला प्रश्न विचारला, नोटीस गेलीय का नाही गेलीय ते नक्की सांगा. म्हटलं नाही गेली. तर म्हणाल्या मग काही बिघडलं नाही, चेक तारखेपासून तीन महिने चालतो, अजून दिवस आहेत, परत बँकेत टाका. मी म्हटलं परत बाउन्स होईल की. म्हणाल्या होऊ दे की, त्यासाठीच टाकायचाय, नव्यानं रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याचा बँकेचा कागद, आला की नव्यानं ३० दिवस. बावीस वर्षं चेक घेतोय मी, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती!

टाकला. दुसऱ्या दिवशी परत आला, मेमोवर तेच, फंड्स इनसफिशंट. तिसऱ्या दिवशी नोटीस स्पीड पोस्टानं गेली, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट माझ्या व्हॉट्सॲपवर, खाली ज्युनिअरनं मराठीत दोन ओळी, ‘नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस त्यांना, नंतर आपल्याला केस घालायला एक महिना.’ बस्स, एवढंच हवं असतं हो माणसाला. काय चाललंय आणि पुढं काय. पैसे मिळो न मिळो, रात्री झोप तरी लागते.

फीचं पण सांगतो कारण तिथंच माझी मान हलली. एका कागदावर टप्पे: नोटीस एवढे, तक्रार दाखल करणं एवढे, हजर होईपर्यंत एवढे, पुरावा एवढे, आणि मध्येच मिटलं तर पुढच्या टप्प्याचे घेणार नाही असं लिहून. कोर्ट फी, टपाल, झेरॉक्स वेगळे. मी आपला व्यापारी, म्हटलं मॅडम कशाला एवढं, वसूल झाले की दहा टक्के घ्या, तुमचं पण भलं माझं पण. त्या हसल्या, म्हणाल्या आम्हाला निकालावर फी ठरवता येत नाही, तुम्ही जिंकलात काय हरलात काय माझी फी तीच. थोडं खटकलं तेव्हा, खरं सांगतो. आणि बिलावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की जीएसटी रिव्हर्स चार्जनं, म्हणजे वकिलानं नाही तर पक्षकारानंच थेट सरकारला भरायचा. ते बघून माझा सीए खूश झाला, म्हणाला इतकी वर्षं वकिलाच्या फीची एक पावती आणून दिली नाहीस तू मला. देणार कुठून!

केस बेळगावला घालावी लागेल ही माझी भीती होती, तसं काही नाही, चेकच्या कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीपासून ज्या शाखेत आपलं खातं तिथल्या कोर्टात, म्हणजे सांगलीतच. समन्स लागायलाच चार महिने गेले, त्याला मॅडम काय करणार. दाखल झाल्या झाल्या त्यांनी सोळा अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख नंबर) देऊन ई-कोर्ट्सचं, म्हणजे कोर्टांचं सरकारी ॲप माझ्या फोनवर टाकायला लावलं, पुढची तारीख स्वतःच बघायची, त्यासाठी फोन करायचा नाही. पार्टी दोनदा बेळगावहून हेलपाटा मारून आली आणि तिसऱ्या वेळेला मिटवायला तयार झाली, ऐंशी हजार लगेच ट्रान्सफर आणि बाकीचे चार हप्ते. कागदावर लिहिल्याप्रमाणे पुराव्याच्या टप्प्याची फी घेतली नाही. मी वाट बघत होतो की काहीतरी निघेल आता, नाही निघालं.

जुन्या वकिलांना ग्राहक कोर्टात खेचायचं माझ्या डोक्यात होतं, पण मे २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ठरवलंय की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, गैरवर्तन असेल तर बार कौन्सिलकडं तक्रार. मॅडमनी नियम सांगितला पण त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलल्या नाहीत. मी पण सोडून दिलं, वडलांचे मित्र शेवटी.

आता एक स्टार का कापला. फोन उचलत नाहीत. संध्याकाळी सात ते आठ व्हॉट्सॲपवर उत्तर, ते पण बरेचदा ज्युनिअरचं, आणि त्यातली निम्मी उत्तरं आधीच टाइप करून ठेवलेली वाटतात. माझ्यासारख्याला ठीक आहे, पण माझी आई घराच्या वाटणीचं विचारायला गेली होती, तिला अर्धा तास संपला म्हणून उठवल्यासारखं वाटलं. वाटणीचं दुखणं अर्ध्या तासात सांगून होतं का? आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुख्य जागेबाहेर बसणारं खंडपीठ) सुरू झालं तेव्हापासून मॅडम आठवड्यातले दोन-तीन दिवस तिकडंच. धंदा वाढतोय, चांगलंच आहे, पण इकडं माणूस तरी वाढवा.

एक नवीन केलंय त्यांनी, दुकानदारांसाठी वर्षाचं ठरवून. बारा हजारात महिन्याला एक बैठक आणि वर्षात चार नोटिसा. मी घेतलं. पहिल्याच बैठकीत उधारीची वही मागितली, आणि ज्याची बाकी तीन वर्षांच्या आत आहे त्या प्रत्येकाकडून ‘एवढी बाकी मान्य’ म्हणून तारखेसकट सही घ्यायला लावली, म्हणजे वसुलीचा दावा घालायची मुदत तिथून नव्यानं मोजली जाते. दिवाळीच्या मिठाईचा बॉक्स घेऊन फिरलो आणि अकरा जणांच्या सह्या आणल्या, दोघांनी मिठाई घेतली आणि सही दिली नाही.

नंबर हवा असेल तर दुकानात या, देतो. कॉन्ट्रॅक्टरचे तीन हप्ते आलेत, चौथा दहा तारखेला आहे, बघू.