आठ महिने ‘स्टँडर्ड’ खात्यावर: कॉम्प्युटर साताऱ्यात, पासवर्ड बेंगळुरूला

गेल्या दिवाळीत मुलगा बेंगळुरूहून आला, चकलीचे हात पुसून माझ्या कॉम्प्युटरसमोर बसला आणि अर्ध्या तासात मला माझ्याच घरात भाडेकरू करून गेला. “आई, आता तू स्टँडर्ड युजर, म्हणजे रोजचं काम तुझं, पण मोठे बदल करायचा अधिकार नाही. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड माझ्याकडे.”

निमित्त मीच दिलं होतं. ‘तुमच्या कॉम्प्युटरमधून व्हायरस पसरतोय’ असा एक फोन आला आणि मी तो बाबा सांगेल ते निमूटपणे कॉम्प्युटरवर उतरवून घेत बसले. ह्यांनी येऊन थेट मेन स्विच बंद केला म्हणून वाचले. त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पण मी घरी प्रबंध टाइप करून देते, दिवाळी अंकांची प्रुफं बघते. कॉम्प्युटर म्हणजे माझा पोळपाट. त्याला कुलूप लागलं तर कसं व्हायचं, याची धास्ती होती.

आठ महिन्यांनी सांगते, विंडोज ११ च्या या बिनअधिकाराच्या खात्यात वाटलं होतं त्यापेक्षा खूप काही करता येतं. अक्षरं मोठी करणं, रात्रीचा पिवळसर उजेड, माउसचा वेग, स्क्रीन कधी झोपावी, नवं वायफाय जोडणं, सगळं बिनबोभाट होतं. सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या आगाऊ प्रोग्रामपैकी काही टास्क मॅनेजरमधून बंद करता येतात. स्टोअरमधली अ‍ॅप्स उतरवता येतात. ज्या बटणावर निळ्या-पिवळ्या ढालीचं चित्र असतं तिथे पासवर्ड मागणार, एवढं ओळखलं की निम्मी भीती जाते.

माझ्या कामाचं म्हणजे फॉन्ट. पूर्वी फॉन्ट टाकायला अ‍ॅडमिनच लागायचा. २०१८ च्या अखेरीस विंडोज १० मध्ये ते बदललं. आता फाइलवर दोनदा क्लिक करायचं, इन्स्टॉल म्हणायचं, फॉन्ट फक्त आपल्या खात्यापुरता बसतो. मुक्ता आणि तिरो देवनागरी मराठी मी असेच बसवले. उजव्या क्लिकमध्ये ‘सर्व युजर्ससाठी’ असा पर्याय दिसतो, त्याच्या नादी लागायचं नाही, तिथे ढाल आहे. एकच मेख: काही जुने प्रोग्राम असे खात्यापुरते बसवलेले फॉन्ट यादीत दाखवत नाहीत. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्डही भाषेच्या सेटिंगमधून मीच जोडला. विंडोज आणि स्पेसबार दाबलं की इंग्रजीतून मराठीत. इनस्क्रिप्ट ही मराठीची वेगळी कळमांडणी शिकण्यात माझी एक उन्हाळी सुट्टी गेली होती, ते आठवून जरा जीव जळला.

आता अडलं कुठे? पहिल्यांदा घड्याळावर. कॉम्प्युटर जुना, मदरबोर्डवरचा सेल संपलेला. लाइट गेली की तारीख काही वर्षं मागे. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो, बँक तर सोडाच. आणि गंमत बघा, स्टँडर्ड खात्याला टाइम झोन बदलायची मुभा आहे, म्हणजे मी साताऱ्यात बसून टोकियोची वेळ लावू शकते, पण खरी तारीख घालू शकत नाही! शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या पोराने नवा सेल टाकला, सुरू होताना डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये शिरला आणि तिथून तारीख नीट केली. तिथे विंडोजचा पासवर्ड कोण विचारतंय! मुलाला हे सांगितल्यावर तो फोनवर थोडा वेळ गप्पच होता.

दुसरा प्रसंग स्कॅनरचा. नवा प्रिंटर यूएसबीने जोडताच छापू लागला, पण त्यातल्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरला अ‍ॅडमिन हवा. मुलगा म्हणाला, क्विक असिस्टवर ये, मी टाकतो. त्याला माझी स्क्रीन दिसत होती, माउसही तोच फिरवत होता. पासवर्डची चौकट आली आणि त्याच्याकडे सगळं काळं! ती चौकट दूरच्या माणसाला दिसू नये, अशी मुद्दामच सोय आहे, आणि फोनवाल्या भामट्यांचा विचार केला तर योग्यच आहे. पण तेव्हा काय झालं, तर चिरंजीवांना तो पासवर्ड मला फोनवर अक्षर-अक्षर सांगावा लागला. “कॅपिटल एस... अगं, मोठा एस... मग अ‍ॅट...” ह्यांनी शेजारी बसून तो कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली लिहिला.

म्हणून तडजोड झाली. कॅलेंडरचं पान फाडलं, पासवर्ड बदलला, नवा चिकटवलेल्या पाकिटात, पाकीट घरातच. फोडायचं तर आधी मुलाला फोन, आणि कॉम्प्युटरबद्दल बाहेरून कुणाचा फोन चालू असताना अजिबात फोडायचं नाही. ही अट माझी. कारण स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देणारी काही अ‍ॅप्स इन्स्टॉल न करताही चालतात. तिथे ही ढाल मधे येत नाही, हे मुलानेच कबूल केलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. घरात ज्येष्ठ असतील तर हे खातं जरूर करून द्या, मात्र पासवर्ड पाचशे मैलांवर नेऊ नका. एक गुण कापला तो घड्याळासाठी. पाकीट आठ महिन्यांत एकदाच फुटलं, जुना टायपिंगचा प्रोग्राम काढून टाकायला. ते कुठे ठेवलंय ते ह्यांनाही सांगितलेलं नाही, कॅलेंडरचा अनुभव आहे.