थंडीत भिलार: पुन्हा भेटलेल्या दोघांच्या कथा वाचायला याहून चांगली जागा नाही

ताटातूट झालेले दोघे, मधे गेलेली दहा-वीस वर्षं आणि थंडीच्या सुट्टीत अचानक पडलेली गाठ. या प्रकारची कथा ज्यांना मनापासून आवडते त्यांनी डिसेंबर-जानेवारीत एक पूर्ण दिवस भिलारला काढावा. पाचगणीहून महाबळेश्वरच्या वाटेवर पाचेक किलोमीटर गेलं की हे पुस्तकांचं गाव लागतं. 4 मे 2017 रोजी ते सुरू झालं. राज्य मराठी विकास संस्थेची ही योजना, आणि कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. पण वेल्समधलं गाव दुकानांचं आहे, भिलार घरांचं. लोकांच्या पडव्या, लॉजच्या खोल्या, देऊळ, शाळा अशा पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तकांनिशी सुरुवात झाली. वाचायला पैसे पडत नाहीत. पुस्तक विकत मिळत नाही, घरीही नेता येत नाही.

ही शेवटची अट अनेकांना खटकते. कादंबरी वाचणाऱ्याची त्यात खरोखर पंचाईत होते, दीडशे पानांवर पुस्तक मिटून घाट उतरावा लागतो. कथेच्या मात्र ती पथ्यावरच पडते. दिवाळी अंकातली कथा साधारण तीन ते पाच हजार शब्दांची असते, म्हणजे सावकाश वाचली तरी अर्ध्या तासात संपते. सकाळी दहाला बसलात तर जेवणापर्यंत चार कथा नीट होतात. त्याहून जास्त वाचू नयेत. या कथांचा साचा एकच असतो, पाचव्या कथेपासून नायिका एकमेकींत मिसळायला लागतात.

प्रत्येक घरावर तिथल्या साहित्यप्रकाराची पाटी आहे. ‘प्रेमकथा’ शोधत हिंडू नका, सरळ कथा आणि दिवाळी अंक ही घरं विचारा. आधी दिवाळी अंक. 1909 साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा तिथेच वाढली आहे, आणि यातल्या कितीतरी कथा पुढे संग्रहात आल्याच नाहीत. अडचण एवढीच की अनुक्रमणिकेत कथेचं नाव आणि लेखक यापलीकडे काही कळत नाही. म्हणून तीन-चार अंक एकदम घ्या आणि प्रत्येक कथेचे पहिले दोन परिच्छेद वाचा. कुणी बऱ्याच वर्षांनी गावी उतरतंय, लग्नघरी पोचतंय, आईचं कपाट आवरतंय, असं काही दिसलं तर ती कथा ठेवा. शेवटचं पान आधी उघडू नका. जुना अंक पूर्ण सपाट करू नये, मधल्या पिना गंजलेल्या असतात आणि पान तिथेच फाटतं.

आता कथेची पारख. सगळ्यात आधी ताटातुटीचं कारण बघावं. जात, पत्रिका, वडिलांची बदली, धाकट्या भावंडांची जबाबदारी: जुन्या कथांतली ही कारणं दोघांच्याही हाताबाहेरची असतात, म्हणून पुन्हा भेटल्यावर बोलायला काही उरतं. न पोचलेलं पत्र किंवा कुणीतरी केलेली चहाडी एवढंच कारण असेल तर पाच मिनिटांत खुलासा होतो आणि पुढची दहा पानं लेखक नुसती थंडी वर्णन करत बसतो. अलीकडच्या कथांत हे जास्त होतं. मोबाईल आल्यावर माणूस हरवणंच अवघड झालंय, तेव्हा वीस वर्षं एकमेकांना शोधलं का नाही, याचं उत्तर कथेत हवंच.

दुसरी गोष्ट सुट्टीची. नाताळची सुट्टी ठरावीक दिवसांची असते, परतीचं तिकीट काढलेलं असतं. हा घड्याळाचा काटा कथेत टोचला पाहिजे. तो नसेल तर हीच कथा मे महिन्यातही घडली असती.

तिसरी, कालगणना. इथे बरेच लेखक घसरतात. नाताळच्या आगेमागे पौष लागतो आणि पौषात आपल्याकडे परंपरेने लग्नं होत नाहीत. संक्रांतीच्या आठवड्यात धुमधडाक्याचं लग्न आणि मांडवात जुन्या प्रेमिकांची नजरानजर दिसली की समजावं, लेखकाने कॅलेंडर उघडलेलं नाही. लग्नातच भेटवायचं तर मार्गशीर्ष किंवा माघ. महाबळेश्वरात बर्फही पडत नाही; वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला काही पहाटे दव गोठतं, गवतावर पांढरा थर दिसतो आणि ऊन चढलं की जातो. ज्या कथेत ‘हिमवर्षाव’ होतो, तिच्यातल्या माणसांवरही माझा विश्वास बसत नाही.

संक्रांतीच्या कथा नाताळच्या कथांपेक्षा सरस असतात, हे माझं ठाम मत. भांडण मिटवायचा दिवसच तो. पण तेवढ्यामुळेच ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणून गोष्ट संपवायचा मोह होतो. चांगला लेखक तिळगूळ शेवटी आणत नाही, मधे आणतो. हळदीकुंकवाच्या गर्दीत, तिच्या नवऱ्यादेखत, नायक तिच्या तळहातावर हलव्याचे चार दाणे ठेवतो. नेहमीचं वाक्य दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. ती मूठ मिटून आत वाण द्यायला जाते, आणि ओल्या तळव्याला चिकटलेला हलवा पुढच्या पानावर तबकाच्या कडेला निघून येतो. असं एक पान सापडलं तरी भिलारचा दिवस वसूल.

जायची वेळ महत्त्वाची. 24 डिसेंबर ते 1 जानेवारी टाळाच. वाई-पाचगणीमधल्या पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते आणि गावात स्ट्रॉबेरी खायला आलेल्यांचा गोंगाट असतो. 2 जानेवारीपासून संक्रांतीपर्यंतचे आठवड्यातले मधले दिवस उत्तम. स्ट्रॉबेरीही तेव्हा भरात असते, फक्त खाऊन झाल्यावर हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात लावू नये. साताऱ्याहून वाईमार्गे जा. सांगलीकरांनी पहाटे निघावं किंवा आदल्या रात्री वाईत मुक्काम करावा. बरीच ठिकाणं राहती घरं आहेत, चपला बाहेर निघतात आणि फरशी गार असते, म्हणून जाड मोजे हवेत. दुपारपर्यंत अंगणातल्या उन्हात खुर्ची ओढून बसावं, चारनंतर आतली जागा धरावी. काही घरांत जेवणाची सोय होते, पण ते आल्याआल्याच सांगून ठेवायला हवं.

आवडलेल्या कथेसाठी अंकाचं नाव, वर्ष आणि पान वहीत टिपून घ्या. एवढा तपशील असला की साताऱ्याच्या नगर वाचनालयात तो अंक मागता येतो. सांगलीत 2019 च्या पुराने वाचनालयातलं पुष्कळ जुनं गेलं, तेव्हा तिकडच्या वाचकांनी कथा भिलारमध्येच पूर्ण वाचून उठावं.