जुनी बूट ड्राइव्ह नव्या संगणकात चालवताना : साटा-आयडीई-यूएसबी अडॅप्टरचे परीक्षण

जुन्या संगणकाचा मदरबोर्ड गेला, पण त्यातली हार्ड डिस्क धडधाकट होती. साडेतीन इंची, ५०० जीबीची आणि विंडोज ७ असलेली ही डिस्क मला केवळ फायलींसाठी नको होती. तिच्यावर बसवलेला हिशेबाचा एक प्रोग्रॅम, ज्याची मूळ सीडी केव्हाच हरवली आहे, तो होता तसा नव्या संगणकावर चालायला हवा होता. त्यासाठी साटा (अलीकडचा) आणि आयडीई (त्याआधीचा) या दोन्ही प्रकारच्या जोडांच्या डिस्क यूएसबी ३.० ला जोडणारा एक अडॅप्टर मागवला. खोक्यावर ‘लावा आणि वापरा’ अशा अर्थाचे आश्वासन मोठ्या अक्षरांत छापले आहे. त्यातले ‘लावा’ पूर्णपणे खरे निघाले.

वस्तू हातात घेतल्यावर नेटकी वाटते. एका कडेला साटाचा जोड, इतर कडांना साडेतीन व अडीच इंची आयडीईच्या पिनांचे जोड आणि सोबत वेगळा वीजपुरवठा. हा वीजपुरवठा शोभेचा नाही. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते आणि यूएसबी ३.० पोर्टच्या ९०० मिलिअँपिअरवर तिचे बहुधा भागते; साडेतीन इंची डिस्कची मोटर मात्र १२ व्होल्टवर फिरते आणि ते साध्या यूएसबी पोर्टमधून मिळत नाहीत. आधी डिस्क जोडायची, मग वीज द्यायची, तबकड्या फिरू लागल्याचा चढत जाणारा आवाज स्थिरावला की यूएसबीची केबल लावायची, हा क्रम मी पाळला आणि डिस्क पहिल्याच खेपेस दिसली. साटाच्या जोडाला ‘एल’ आकाराची खाच असल्याने तो उलटा बसत नाही. आयडीईच्या ४० पिनांच्या बाबतीत मात्र घाई केली की पिन वाकलीच म्हणून समजा.

फायली वाचण्याच्या कामात अडॅप्टरला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. जुन्या फिरत्या डिस्कचा वेग यूएसबी ३.० च्या क्षमतेहून पुष्कळ कमी असल्यामुळे अडॅप्टर आड येत नाही. वापरकर्त्याच्या फोल्डरवर टिचकी मारताच ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो, तो या उपकरणाचा दोष नसून जुन्या विंडोजमधल्या खात्याची मालकी नव्या विंडोजला ओळखीची नसल्याचा परिणाम आहे. ‘कंटिन्यू’ दाबल्यावर हजारो फायलींच्या परवानग्या बदलण्यात बराच वेळ जातो, एवढेच. आणखी एक गोष्ट या अडॅप्टरच्या बाजूने सांगितली पाहिजे. पूर्वी वापरलेला एक डॉक (डिस्क खोचून यूएसबीला जोडण्याचे उपकरण) डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे ठरावीक मापाचे कप्पे, ४०९६ बाइटचे म्हणून पुढे करत असे, त्यामुळे भरलेली डिस्क कोरी दिसे आणि ती ‘इनिशिअलाइझ’ करू का, असे विंडोज विचारत असे. त्या प्रश्नाला होकार देणे म्हणजे पार्टिशनच्या (डिस्कच्या विभागांच्या) नोंदींवर पाणी सोडणे. हा अडॅप्टर सेक्टरचा आकार आहे तसाच दाखवतो.

आता मुख्य प्रश्न. याच अडॅप्टरवरून जुने विंडोज सुरू करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा विंडोजचे चिन्ह उमटेपर्यंत गाडी पुढे गेली आणि मग निळ्या पडद्यावर ७बी या अक्षरांनी संपणारी चूक दिसली. बूट होताना ज्या डिस्कवरून आपण उठलो ती डिस्कच सापडेनाशी झाली, असा तिचा अर्थ. नेहमीच्या पद्धतीने बसवलेले विंडोज ७ यूएसबीवरून चालण्यासाठी घडवलेलेच नाही, तेव्हा केबल कितीही उत्तम असली तरी इथे तिचा इलाज चालत नाही. खोक्यावर हे एका ओळीत छापायला हवे होते.

मग अडॅप्टर बाजूला ठेवून डिस्क नव्या कॅबिनेटमधल्या साटा पोर्टला जोडली. जुनी डिस्क एमबीआर या विभागणीच्या जुन्या पद्धतीची, तर नवा मदरबोर्ड यूईएफआय या बूट करण्याच्या नव्या पद्धतीचा. म्हणून आधी मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट (फक्त प्रमाणित प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) बंद करून सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) चालू करावे लागले. अनेक नव्या मदरबोर्डांवर ही सोय उरलेलीच नाही, हे खरेदीपूर्वीच पाहिलेले बरे. त्यानंतरही ७बी कायम राहिली, कारण जुन्या मदरबोर्डवर साटाची ही डिस्क आयडीई पद्धतीने चालत होती आणि नवा फक्त एएचसीआय ही साटा डिस्क चालवण्याची नवी पद्धत जाणतो. इथे अडॅप्टर पुन्हा कामी आला : डिस्क यूएसबीवर लावून, नव्या विंडोजमधून तिची रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) उघडून, ‘एमएसएएचसीआय’ या एएचसीआयच्या ड्रायव्हरचे ‘स्टार्ट’ मूल्य ३ वरून ० केले, म्हणजे तो बूट होतानाच सुरू व्हावा, आणि डिस्क परत आत बसवली.

या वेळी लॉगिनचा पडदा आला, ओळखीचे निळे पार्श्वचित्र आले आणि माउसचा बाण पडद्याच्या मधोमध निश्चल उभा राहिला. कळफलकावरचा दिवाही विझलेला. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नाही आणि नव्या मदरबोर्डवरचे सगळे पोर्ट त्याच जातीचे. मागच्या बाजूला पीएस/२ चे, म्हणजे जुन्या कळफलक-माउसच्या जोडाचे, एक गोल भोक शिल्लक होते आणि अडगळीत त्या काळचा कळफलक सापडला, म्हणून पासवर्ड तरी टाकता आला. आत गेल्यावर नेटवर्क नाही, पडदा ढोबळ रेझोल्यूशनचा आणि कोपऱ्यात ही प्रत अस्सल नसल्याची सूचना. संगणकासोबत आलेला परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे तिची तक्रार रास्तच होती.

तुलनेसाठी एका जुन्या लॅपटॉपची लिनक्स असलेली डिस्क याच अडॅप्टरवर लावली, तर ती यूएसबीवरूनच मुकाट्याने सुरू झाली. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) येतात आणि पार्टिशन यूयूआयडी या त्याच्या स्वतंत्र ओळखक्रमांकावरून ओळखले जाते, त्यामुळे डिस्क कुठल्या पोर्टवर आहे याने फारसे बिघडत नाही. विंडोज १० सुद्धा अंतर्गत साटावर असे स्थलांतर विंडोज ७ पेक्षा पुष्कळ समजूतदारपणे निभावते. मात्र डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय तिला हात लावू नये.

माझे काम शेवटी तिसऱ्याच वाटेने झाले. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वीच, अडॅप्टरवर डिस्क असताना, मायक्रोसॉफ्टच्या ‘डिस्कटूव्हीएचडी’ या मोफत साधनाने तिची प्रतिमा (संपूर्ण डिस्कची फायलीच्या रूपातली प्रत) काढून ठेवली होती. ती व्हर्च्युअलबॉक्स या, संगणकातच आभासी संगणक उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या संगणकाप्रमाणेच आयडीई कंट्रोलर निवडून जोडली आणि विंडोज ७ उठले. माउस चालला, हिशेबाचा प्रोग्रॅम उघडला, शेवटची नोंद जिथे सोडली होती तिथेच होती. परवान्याची सूचना इथेही आहे. विंडोज ७ ची सुरक्षा-अद्यतने १४ जानेवारी २०२० पासून बंद असल्याने या आभासी यंत्राचे नेटवर्क मी तोडून ठेवले आहे.

जुनी डिस्क वाचण्यासाठी, तिची प्रतिमा काढण्यासाठी किंवा रजिस्ट्रीसारखी दुरुस्ती करण्यासाठी हा अडॅप्टर अवश्य घ्यावा; त्याच्यावरून जुने विंडोज चालवण्याच्या आशेने घेऊ नये. पाचपैकी चार तारे देतो. कापलेला तारा निम्मा खोक्यावरच्या आश्वासनाबद्दल आणि निम्मा यूएसबीच्या आखूड केबलबद्दल आहे, कारण कॅबिनेट टेबलाखाली असेल तर डिस्क जमिनीवर ठेवावी लागते आणि तासन्‌तास प्रत निघत असताना तिच्याभोवती पाय सांभाळून वावरावे लागते.