दक्षिण गोव्यात हनिमून: पॅकेज नको, वरच्या मजल्यावरची खोली घ्या

बाणावली ते केळशी या पट्ट्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलात आम्ही डिसेंबरात हनिमूनला राहून आलो. हॉटेलचं नाव लिहीत नाही. थोडी तक्रार आहे, आणि ज्यांनी आमचं मनापासून केलं त्या माणसांना तिचा त्रास व्हायला नको. तसंही या किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांची मांडणी बरीचशी सारखी आहे, त्यामुळे खालचं बरंच काही दुसरीकडेही उपयोगी पडेल.

मी वेंगुर्ल्याची, नवरा लातूरचा. समुद्र मला लहानपणापासून माहितीचा, त्याला मात्र सगळंच नवं. खोली न्याहारीसकट रात्रीला बावीस हजारांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला तो लागतोच, म्हणून भाव विचारताना कर धरून विचारा. वर 'हनिमून पॅकेज' होतं, ते मामांनी आहेर म्हणून दिलेलं.

आधी खोलीचं सांगते, कारण पैसे तिथेच जातात. 'सी व्ह्यू' या शब्दावर भरवसा ठेवू नका. या किनाऱ्यावर सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या, नियमांमुळे भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत हॉटेल बांधता येत नाही. त्यापुढेही तळमजला आणि वर एक मजला, नऊ मीटरच्या आत, एवढीच परवानगी. मध्ये वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर मर्यादवेल आणि केवडा. त्या टेकड्या आहेत म्हणून किनारा टिकून आहे, आणि त्या तशाच राहायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. पण तळमजल्यावरून समुद्राची फक्त गाज ऐकू येते, पाणी दिसत नाही. आम्हाला आधी तळमजल्याचीच खोली मिळाली होती, तीही तरणतलावाशेजारी. रिसेप्शनवर शांतपणे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरची दिली. तिच्या गॅलरीतून माडांच्या झावळ्यांमधून पाण्याची निळी पट्टी दिसायची. सकाळचा चहा आम्ही रोज तिथेच घेतला.

बुकिंग करताना आणखी एक विचारा: त्या तारखांना हॉटेलात लग्न आहे का? डिसेंबर-जानेवारीत गोव्याच्या हॉटेलांत बाहेरगावच्या लग्नांची रीघ असते. आमच्या तिथल्या एका रात्री लॉनवर संगीत होतं. दहाला स्पीकर बंद झाले, पण संध्याकाळ गेलीच. एवढे पैसे घेताना हे आधी सांगणं हॉटेलचं काम होतं. ते त्यांनी केलं नाही, याचा मला राग आहे.

आता पॅकेज. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे दोन हंस, एक केक, फोटोग्राफरसोबत अर्धा तास आणि किनाऱ्यावर मेणबत्तीच्या उजेडात जेवण. पाकळ्या झटकून झोपायला वेळ लागतो. फोटोग्राफर सतत 'मॅडम, सरांच्या खांद्यावर डोकं' असं सांगत होता, आणि आमच्या घरच्यांनी मोबाइलवर काढलेल्या फोटोंत आम्ही दोघं जास्त आमच्यासारखे दिसतो.

जेवणाची वेळ पॅकेजमध्ये ठरलेली, संध्याकाळी सातची. टेबल अगदी पाण्याजवळ. दिवस दशमीचा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे साडेसात. शिवाय खारा वारा सूर्य मावळल्यावर लगेच पडत नाही. मेणबत्त्या काचेत असूनही विझत होत्या आणि ताटात वाळू येत होती. तिथला वाढपी काणकोणचा मुलगा. मी त्याला म्हटलं, 'दादा, नवाक वाढशात?' मालवणी ऐकून तो हसला आणि म्हणाला, 'खंयच्या गो तुमी?' त्याने मॅनेजरांना न सांगताच टेबल वर कोरड्या वाळूत नेलं, स्वयंपाकघरात फोन केला आणि नऊला परत या म्हणाला. नऊला ओहोटी लागली होती, वारा पडला होता आणि मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती. तुम्ही घेतलंच हे जेवण, तर पंचांग बघून वेळ मागा. हॉटेलं वेळ बदलून देतात, फक्त मागावी लागते.

स्पाचं मात्र कौतुक करायलाच हवं. माझ्या हातात हिरवा चुडा होता. मसाज करणारी ताई मणिपूरची. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली, आधी बांगड्यांकडे पाहिलं आणि त्या काढता येतात का विचारलं. लग्नाच्या आहेत, इतक्यात काढायच्या नाहीत, म्हटल्यावर तिने मऊ सुती पट्टी घेतली, बांगड्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधून मधून ती गुंडाळली, दोन्ही हातांना, अगदी हळूहळू. मग मनगटाखालून तळहातापर्यंत वेगळी मालिश केली. एकही बांगडी पिचली नाही. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. निघताना मी रिसेप्शनच्या वहीत तिचं नाव घालून लिहिलं. तुम्हीही अशा माणसांचं नाव घालूनच लिहा, त्यांना त्याचा उपयोग होतो.

खाण्याबद्दल माझं मत कडक आहे. बुफेतली 'गोवन फिश करी' पर्यटकांच्या जिभेला जपून केलेली: नारळाचं दूध जास्त, आंबट कमी, तिखट नावाला. मासाही बिनकाट्याचा, बासासारखा. समोर समुद्र असताना हे बरोबर नाही. तिसऱ्या प्रहरी मी शेफना भेटायची विनंती केली. ते साष्टीचे, वयाने मोठे. म्हणाले, 'आमच्या पोरांच्या जेवणात आज बांगडे आहेत, चालतील?' त्या रात्री उकड्या भातासोबत बांगड्याचं तिखलं आलं, वर ठेचलेली तिरफळं. झाकण काढल्याबरोबर तो वास आला आणि मला माहेर आठवलं. लातूरच्या माणसाने काटे काढायला वेळ घेतला, पण भात दोनदा मागितला. गोड म्हणून बेबिंका, तोही चांगला, थर मोजता येतील असा. न्याहारीला इडली-डोसा सोडा आणि ताजी पोई, म्हणजे गोव्याचा पाव, मागा.

किनारा हेच या हॉटेलांचं खरं मोल. वेळसावपासून मोबोरपर्यंत वीस किलोमीटरहून लांब सलग वाळू, उत्तर गोव्यासारखी गर्दी नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यातच उतरा. २००८ पासून 'दृष्टी'चे जीवरक्षक गोव्याच्या किनाऱ्यांवर आहेत. नवरा पहिल्यांदाच समुद्रात शिरणार म्हटल्यावर त्यांच्यातल्या एकाने त्याला काठीने वाळूत रेघा ओढून दाखवलं: लाटा फुटत नाहीत ती शांत वाटणारी वाट पाणी आत ओढते. तिच्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, आडवे पोहत बाहेर पडा. पोहता येत नसेल तर कमरेच्या पुढे जाऊच नका. कोकणात वाढूनही मला हे इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

पहाटे लवकर उठलात तर रापण बघायला मिळते. होडी जाळं अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. नवऱ्याने सरळ जाऊन दोराला हात लावला. कोणी नको म्हटलं नाही. जाळ्यात तारले मासे आणि थोडे बांगडे होते, कावळे-घारींची झुंबड. एका म्हाताऱ्या बाईंनी ओंजळभर मासे पुढे केले, पण हॉटेलात कुठे शिजवणार, म्हणून हात जोडून परत दिले. हॉटेलच्या कार्यक्रमपत्रिकेत रापणीचा उल्लेखही नाही. जलक्रीडेचे मात्र तीन फलक आहेत.

आवारात टॅक्सी महाग पडते. आम्ही बाहेरून स्कूटर भाड्याने घेतली आणि काबो दे रामाच्या किल्ल्यावर जाऊन आलो. तटावरून दिसणारा समुद्र बघण्यासारखा आहे. भाड्याच्या गाडीची काळी पाटी आणि त्यावर पिवळे आकडे बघूनच घ्या.

पुण्याहून गोवा एक्स्प्रेसने येणार असाल तर गाडी मडगावला सकाळीच पोचते आणि खोली दोनशिवाय मिळत नाही. हॉटेलला आदल्या दिवशी फोन करून ठेवा. आम्हाला त्यांनी सामान ठेवून घेऊन आंघोळीची सोय करून दिली, वेगळे पैसे न घेता. सिंधुदुर्गाकडून स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना आवारात पार्किंग आहे. सोबत पंचांग किंवा कालनिर्णय घ्यायला विसरू नका.