टॉकिंग पेन, सात महिन्यांनंतर: कोऱ्या स्टिकरना पैकीच्या पैकी, त्या 'वेलकम'ला भोपळा

परवा पेन चार्जच होईना, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर जिल्हा परिषदेच्या मास्तरला रिव्ह्यू लिहायला फुरसत कुठली! टॉकिंग पेन म्हणजे सोबतच्या इंग्रजी पुस्तकातल्या शब्दावर टेकवला की तो शब्द बोलून दाखवणारा पेन. तो दिसतो कसा, मेमरी किती, सोबत पुस्तकं किती, हे तुम्ही जाहिरातीत पाहिलंच असेल. ते परत सांगत नाही.

शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, दोन शिक्षकी. चौथी-पाचवी माझ्याकडे. पेन स्वतःच्या खिशातून घेतला, साडेतीन हजारांच्या वर गेला. शाळा अनुदानात बसवता आला असता, पण समितीचा ठराव, कोटेशन, पक्कं बिल हे सगळं होईस्तोवर ऑफर संपली असती. खिशातले पैसे गेले की माणूस वस्तूकडे जरा जास्तच डोळे वटारून पाहतो. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

आधी तो वेलकम. बटण दाबलं की एक सुरावट वाजते, मग एक बाई उतू जाणाऱ्या आनंदात सांगते, "हॅलो फ्रेंड! वेलकम! लेट्स लर्न टुगेदर!" दहा-अकरा सेकंद. मधे थांबवता येत नाही, आवाज कमी करता येत नाही. आणि तीन मिनिटं पेन कशाला टेकवला नाही की तो आपोआप झोपतो, तेही गुपचूप नाही, "गुडबाय फ्रेंड! सी यू सून!" म्हणून. ज्याने हे बनवलं त्याने वर्ग पाहिलेला नसावा. एका पोराला पुढं बोलावलं, तो लाजला, मागच्याने त्याचा सदरा ओढला, त्याची तक्रार ऐकली, तेवढ्यात गुडबाय. पुन्हा बटण, पुन्हा हॅलो फ्रेंड. बॅटरी वाचवायला हे केलंय म्हणे. अरे, मग वेलकमची बॅटरी कोण भरतं? केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा निघताना अख्ख्या वर्गाने त्यांना त्याच सुरात "सी यू सून" केलं. साहेब खूश झाले, मी गप्प राहिलो.

दुसरी कुरकुर उच्चारांची. आवाज अमेरिकन आहे आणि खोक्यावर तसं कुठं लिहिलेलं नाही. दोन स्वरांच्या मधला 'ट' अमेरिकन माणूस जीभ नुसती टेकवून सोडतो, त्यामुळे पेन 'वॉटर'ला 'वॉडर' म्हणतो आणि 'बटर'ला 'बडर'. पाठ्यपुस्तकातल्या ऑडिओत एक, पेनात दुसरं. पोरांनी विचारलं, सर, खरं कोनतं? दोन्ही खरी, पण वर्गाने एक धरावं. आम्ही 'वॉटर' धरलं. दिवाळीपर्यंत माझं मत असं होतं की हे साडेतीन हजारांचं खेळणं आहे. दोन तारे देणार होतो.

दिवाळीनंतर पाकिटातले कोरे स्टिकर काढले आणि इथून मामला बदलला. गोल स्टिकर, त्यावर पेन टेकवून रेकॉर्डचं बटण दाबायचं, बोलायचं. पुन्हा टेकवला की तोच आवाज वाजतो. जाहिरातीत याचा उल्लेख शेवटच्या ओळीत असतो. मला विचाराल तर पैसे याचेच आहेत. कथेच्या पुस्तकातला शब्द आणि त्याच्या शेजारी भिंतीवर पोराचा स्टिकर. आधी पेनची बाई ऐकायची, लगेच स्वतःचा आवाज. पहिल्या दिवशी एक जण ओरडलाच, "हा माहा आवाज नोहोय सर!" सगळ्यांचं तेच. पण एकदा ते पचलं की फरक पोरांना स्वतःच ऐकू यायला लागतो. मास्तरने सांगायची गरज उरत नाही.

कथेत 'वॉक्ड', 'जम्प्ड', 'वॉन्टेड' असे शब्द येतात. आमची पोरं सरसकट 'वॉकेड, जम्पेड' म्हणायची, मीही शाळेत तसंच शिकलो. स्टिकरवर दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर पाचवीतल्या एकाने स्वतःहून पकडलं की बाई शेवटी 'ड' म्हणतच नाही, 'वॉक्ट' म्हणते. मग नियम फळ्यावर लिहिला: आधीचा आवाज क, प, स, श असा घशात न घुमणारा असेल तर शेवटी 'ट'. घुमणारा असेल तर 'ड', जसं 'प्लेड'. आणि शब्दच ट किंवा ड वर संपत असेल तरच वेगळा 'इड' लागतो, 'वॉन्टिड'. घुमतो की नाही हे गळ्यावर बोटं ठेवून कळतं. पूर्ण तास पोरं गळा धरून बसली होती, खिडकीतून पाहणाऱ्या स्वयंपाकीण ताईंना वाटलं सगळ्यांचे घसे धरले.

आपल्या वऱ्हाडी पोरांना उगाच कमी लेखू नका, हेही इथे सांगतो. 'डोळा'चा 'डोया' होतो आणि 'पाणी'चं 'पानी' होतं म्हणून आमचे काही सहकारी पोरांना उठताबसता टोकतात. इंग्रजीला ळ लागत नाही, ण लागत नाही. तिथं ही पोरं पुण्यामुंबईच्या पोरांच्या बरोबरीने उभी आहेत. अडतं ते सगळ्या मराठी माणसांचं जिथं अडतं तिथंच: 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना एकच व.

आणि इथं पेन हात टेकतो. कारण 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, 'डब्ल्यू'ला ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. हे दिसलं पाहिजे, पेन नुसतं ऐकवतो. एक हातआरसा आणला, 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आरशात पाहून म्हणायला लावले. तसंच 'पेन' हा शब्द. सुरुवातीच्या 'प'सोबत इंग्रज हवेचा झोत सोडतो, आपण सोडत नाही, म्हणून त्याच्या कानाला आपला 'पेन' कधी 'बेन' वाटतो. कागदाची पट्टी तोंडासमोर धरायची. 'पेन' म्हटल्यावर हलली पाहिजे, 'स्पिन' म्हटल्यावर नाही. आरसा वीस रुपयांचा, पट्टी रद्दीतली. कंपनीने पुस्तकात तोंडाची चित्रं दिली असती तर काय बिघडलं असतं?

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. इतक्या वर्षांत लिहिणं सुधारलं, तोंड उघडत नाही. पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारी एक कोलाम मुलगी आहे. घरी कोलामी, बाहेर वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी, म्हणजे इंग्रजी तिची चौथी. माझ्यासमोर ती मराठीतही बोलत नव्हती. पेन घेऊन कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बोलली, आणि नको वाटलं की त्याच स्टिकरवर पुन्हा बोलून जुनं पुसलं. मोबाईलवरच्या उच्चार तपासणाऱ्या ॲपमध्ये हे जमलं नसतं. ॲप लगेच लाल रंगात टक्के दाखवतं, आणि आमच्याकडे नेट शाळेच्या गेटपाशीच लागतं.

वापराच्या बारीक गोष्टी: खिचडीनंतर हात धुवायला लावा. तेलकट बोटांचं पान पेन वाचत नाही. पान फाटलं तर झेरॉक्स काढू नका, पेन पानावर छापलेले बारीक ठिपके वाचतो, ते झेरॉक्समध्ये उतरत नाहीत, पेन मुका राहतो. टोकात खडूची धूळ जाते, कान साफ करायच्या काडीने हलकेच पुसा.

आता चार्जिंग. पिन ढिली झाली. हेल्पलाइनवर हिंदीतून सांगितलं की हे 'फिजिकल डॅमेज', वॉरंटीत येत नाही, कुरिअर करा, तपासणीचे सहाशे, दुरुस्तीचे वेगळे. शिवाय आतली रेकॉर्डिंग पुसली जातील. म्हणजे पोरांचे सगळे आवाज! मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. शेवटी तालुक्यातल्या मोबाईलवाल्याकडे नेला. तो म्हणे, "कंपनीले कायले पाठोता सर, बसा पाच मिनिटं." साध्या मोबाईलला असते तीच पिन निघाली. डाग मारून दिला, दीडशे घेतले. सगळे स्टिकर बोलतात. दुर्दैवाने ती वेलकमची बाईही बोलते.

चार तारे. एक त्या बाईने खाल्ला. घेणार असाल तर ऑर्डर देतानाच कोऱ्या स्टिकरची जास्तीची पाकिटं मागा. नंतर ती सुटी मिळत नाहीत, पूर्ण नव्या पुस्तकाच्या संचासोबतच घ्यावी लागतात, आणि तो संच नऊशेचा आहे. मी घेतलेला नाही. उन्हाळ्यात पाचवीची पोरं दुसऱ्या शाळेत गेली की त्यांचे स्टिकर नव्या पोरांना देईन.